न हललेला सा

काही वर्षांपूर्वी एका संगीतमंडळाच्या बैठकीत मी बेधडक सांगून टाकले होते, की अमेरिकन कंट्री संगीतातली पेडल स्टील गिटार म्हणजे आपली मींडच, फक्त वेश परका. श्रोत्यांनी माना डोलावल्या. ते विधान आज मागे घ्यायचे आहे. मला ते मागे घ्यायला लावले एका छोट्याशा सोलोने. घरच्या जुन्या हवाईयन गिटारवर तो बसवायला घेतला आणि दीड वर्ष झाले तरी तो बसेना.

सोलो आहे टॉम ब्रम्ली यांचा, बक ओवेन्स यांच्या १९६४ सालच्या ‘टुगेदर अगेन’ या गाण्यातला. गाणे तबकडीच्या दुसऱ्या बाजूला होते, पण दोन्ही बाजू कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकापर्यंत पोचल्या. शब्द पुनर्भेटीच्या आनंदाचे आहेत, चाल मात्र संथ आणि व्याकूळ. मधल्या जागेत गायक थांबतो आणि ब्रम्ली वाजवतात. त्यात वेगाची करामत अजिबात नाही. पेडल स्टील शिकणारी माणसे तरीही आजवर या सोलोपाशी पुन्हा पुन्हा येतात.

माझी चूक अगदीच निराधार नव्हती. या वाद्याचे आणि आपले नाते खरोखर आहे. तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिचे श्रेय सहसा जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर ती अमेरिकाभर पसरली आणि पुढे कंट्री संगीतात मुरली. दुसरी फांदी आपल्याकडे आली. हवाईयन वादक टाऊ मो यांचे कुटुंब काही वर्षे कलकत्त्यात राहिले. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हॅन शिपली आणि हजारासिंग यांनी ही गिटार घरोघरी पोचवली. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी अनेक वाचकांच्या संग्रहात असेल. रेडिओवर हवाईयन गिटारच्या धुना ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला ब्रम्ली ऐकताना घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटले, तर नवल नाही.

पण भावंडे वेगळी वाढली. अमेरिकेतल्या फांदीला पाय फुटले. नॅशव्हिलमध्ये रूढ झालेल्या ई-नाइन पद्धतीत दहा तारा असतात. डाव्या हातात बार, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या, डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर आणि दोन्ही गुडघे लिव्हरांना टेकलेले. पेडल दाबले की ठरावीक तारा ताणल्या जाऊन त्यांचा स्वर चढतो. बाकीच्या तारा तशाच राहतात. सुरुवातीला पेडले मुख्यतः दोन वाक्यांच्या मधे तारांची जुळणी बदलण्याच्या कामी येत. वेब पिअर्स यांच्या १९५४ मध्ये गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबले. स्वर बदलताना ऐकू आला आणि वाद्याची दिशाच पालटली.

आता आपल्या भाषेत सांगतो. तीन तारा सा, ग, प अशा वाजत आहेत असे समजा. आयझॅक्स यांचे एकच पेडल ग ला म वर आणि प ला ध वर एकदम नेई. पुढे बडी एमन्स यांनी हे काम दोन पेडलांत वाटले. त्यामुळे दोन्ही एकत्र दाबून सा-म-ध घेता येते, किंवा फक्त प चढवून सा-ग-ध.

माझा सोलो अडला तो इथे. माझ्या गिटारला पेडल नाही. सा-म-ध साठी एक तार जागेवर, दुसरी एक पडदा पुढे, तिसरी दोन पडदे पुढे हवी. बार तिरका धरून ते जवळपास साधते. सा-ग-ध साठी मात्र दोन तारा जागेवर आणि तिसरी दोन पडदे पुढे. बार सरळ असतो आणि हे तीन बिंदू एका सरळ रेषेत बसत नाहीत. कितीही रियाज केला तरी भूमिती ऐकत नाही. मी टॅबमधले आकडे पाठ केले, वरचा सरकता स्वर अचूक काढला. घरच्यांनी कौतुकही केले. पण मूळ ध्वनिमुद्रण लावले की माझे वाजवणे पोकळ वाटे. सरकणारा स्वर माझ्याकडे होता. त्याच्या शेजारी थांबून राहिलेले स्वर नव्हते.

स्थिर स्वर आपल्याकडेही असतो, तंबोऱ्याचा सा. पण तो सा अखेरपर्यंत सा च राहतो. मींड त्याच्यापासून दूर जाते, त्याच्याकडे परत येते आणि तिचा अर्थ त्या अढळपणावर उभा असतो. पेडल स्टीलमध्ये उलटे घडते. सा-ग-प मध्ये सा हा पाया आहे. शेजारचे दोघे चढून सा-म-ध झाले, की नवा पाया म होतो आणि तोच सा त्याचा पंचम ठरतो. फक्त प चढला, तर ध पाया होतो आणि तोच सा त्याचा कोमल गंधार. तार हललेली नाही, बार हललेला नाही, तरी सा चे स्थान बदलले. आपण हलत्या स्वराकडे कान लावतो आणि मुख्य घटना न हललेल्या स्वराच्या बाबतीत घडून जाते.

या वाद्याला ‘रडणारी गिटार’ म्हणण्याची जुनी सवय आहे. मीही ती जोपासली. रडणे म्हटले की फक्त हेलकावा ऐकू येतो. ‘टुगेदर अगेन’ मध्ये शब्द म्हणतात की पुन्हा एकत्र आलो, आता काही उरले नाही. सोलो त्याला नाकारत नाही. तो एवढेच ऐकवतो, की जो जागचा हलला नाही, तोही मधल्या काळात पहिल्यासारखा राहिलेला नाही. आनंदाच्या गाण्यात ते दुःख कुठून येते, याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

दोन परंपरांत साम्य दिसले की आपल्याला हायसे वाटते आणि बऱ्याचदा ऐकणे तिथेच थांबते. माझे तसे झाले होते. सोलो अजून बसलेला नाही आणि या गिटारवर तो बसणारही नाही. तरी रोज संध्याकाळी तो वाजवतो. हल्ली वरची सरकती तार सोडून देतो आणि खालच्या दोनच छेडतो. तिसरी मनात चढवतो आणि सा चे काय होते ते ऐकत बसतो.