दुसऱ्या घराची कादंबरी

लग्न झालेल्या स्त्रीच्या सासरी राहण्याला मराठीत ‘नांदणे’ म्हणतात, आणि या क्रियापदात सुखाने, भरभराटीने राहण्याचा अर्थ मुळातच भरलेला असल्यामुळे, जिथे तिला रोज मार बसतो त्या घरातही ती ‘नांदते’ असेच भाषा म्हणत राहते. ती निघून आली तर ‘नांदली नाही’ हा ठपका तिच्यावर येतो, आणि नवऱ्याने हाकलले तर ‘तो नांदवत नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. घरातील हिंसेतून वाचलेल्या स्त्रीला पुढे पुन्हा प्रेम लाभते, या कथानकावर उभी असलेली प्रणयकादंबरी इंग्रजीत आता एक ओळखीची शाखा झाली आहे. मराठीत तिला अजून नावही मिळालेले नाही. सासर आणि माहेर या दोन घरांभोवती बांधलेल्या भाषेत स्त्रीने स्वतः निवडलेल्या दुसऱ्या संसारासाठी जे शब्द आहेत, म्हणजे पाट, मोहतूर, आणि त्याआधीची फारकत किंवा काडीमोड, ते लिहित्या वर्गाने फार काळ आपले मानले नाहीत.

ही उणीव महाराष्ट्राबाहेरून अधिक स्पष्ट दिसते. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर, भनपुरी ही कारखान्यांची आणि गोदामांची वस्ती आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगढात आली तेव्हापासून या मुलखात स्थिरावलेल्या आणि पुढे नोकरी-व्यवसायासाठी आलेल्या मराठी कुटुंबांच्या कानांवर घराबाहेर पडताच छत्तीसगढी आणि हिंदी पडते. छत्तीसगढीत ‘चूरी पहिराना’, म्हणजे बांगड्या भरणे, हा जुना व्यवहार आहे: विधवेला किंवा नवऱ्याचे घर सोडून आलेल्या स्त्रीला दुसऱ्या पुरुषाने बांगड्या भरल्या की अनेक जातींत ते लग्न मानले जाते. महाराष्ट्रातील बहुजन जातींतला पाट हा त्याचाच सख्खा भाऊ, आणि पेशवाईत त्यावर ‘पाटदाम’ नावाचा करही बसवलेला होता. सरकार ज्या गोष्टीवर कर घेते ती अपवादात्मक नसते, एवढे यावरून खुशाल समजावे. मारकुट्या नवऱ्याला सोडून दुसरा संसार थाटणे मराठी समाजात सर्रास घडत होते. दप्तराने त्याची नोंद ठेवली, कादंबरीने ठेवली नाही. मराठी कादंबरीने नायिकेला उंबरठा ओलांडायला हळूहळू शिकवले, पण ओलांडल्यावर तिला सुखी करण्याची वेळ आली की तिची लेखणी आजही अडखळते, आणि या अडखळण्याचा इतिहास कायद्याच्या इतिहासाशी घट्ट बांधलेला आहे.

कादंबरीपूर्वीच्या मराठीत दुःख आणि इच्छा यांची वाटणी झालेली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून मिळवलेल्या, लाखाच्या घरातल्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासुरवासाचे वर्णन इतके बारकाईने येते की त्यावरून छळाचा कोश तयार व्हावा; परंतु सुटकेच्या जागी तिथे उभा असतो तो भाऊ, आणि सुटका म्हणजे चार दिवसांचे माहेर. लग्नाबाहेरच्या ओढीला जागा होती ती लावणीत, आणि लावणीतील स्त्रीच्या पाठीवरचे वळ कोणी मोजत नव्हते. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत मात्र नवऱ्याच्या मारहाणीची थेट साक्ष येते. तुकोबांना गुरू मानल्याबद्दल तो मारतो, मग आजारी पडतो, पश्चात्ताप पावतो आणि बदलतो. छळणाऱ्याचे हृदयपरिवर्तन हा साचा इथून पुढे फार लांब चालला. मराठीभाषक माधवराव सप्र्यांनी १९०१ साली पेंड्र्याहून निघणाऱ्या ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये लिहिलेल्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या हिंदी कथेतही गरीब विधवेची झोपडी बळकावणारा जमीनदार शेवटी वरमतो आणि झोपडी परत करतो. या साच्यात पीडितेला दुसरे घर शोधावेच लागत नाही, कारण पहिलेच घर एके दिवशी चांगले होते. आणि जोवर ते होत नाही तोवर वाट पाहणे हे तिचे काम ठरते.

कादंबरीने हा साचा मोडला, पण त्यासाठी तिला नवऱ्याला मारावे लागले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा, आणि बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. मराठीतील ही पहिली कादंबरी नायिकेच्या पुनर्विवाहाने संपते ही गोष्ट आजही चकित करणारी आहे, परंतु तिथे नवरा समजूतदार आहे, जाच घराचा आणि समाजाचा आहे, आणि दुसरे लग्न होते ते धर्मांतराच्या दारातून. त्याच्या नऊ वर्षे आधी ॲन ब्रॉन्टीने ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मध्ये व्यसनी, क्रूर नवऱ्यापासून मुलाला घेऊन पळालेल्या हेलनला दुसरे प्रेम दिले, पण लग्न लावले ते पहिला नवरा आजारपणात मेल्यावर. दोन्ही समाजांत कायदा विधवेला दार उघडत होता आणि मार खाणाऱ्या सवाष्णीला नाही, म्हणून सद्गुणी नायिकेला प्रेम मिळायचे तर मधल्या पानांत कुठेतरी मृत्यूची सोय लागे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० ते १८९३ या काळात लिहिलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये ती सोयही नाकारली: प्रेमळ नवरा गमावलेल्या यमूचे केशवपन होते आणि ती संपते, तर तिची मैत्रीण दुर्गी हिच्या वाट्याला नवऱ्याचा जाच येतो. कलाकृती म्हणून हरिभाऊंची कादंबरी कितीतरी वरच्या दर्जाची आहे, आणि नेमका त्यामुळेच मराठीत एक समज रुजला, की नायिकेचा शेवट जितका करुण तितकी कादंबरी थोर. प्रत्यक्ष जीवनही वेगळे सांगत नव्हते. नकळत्या वयात लावलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले. त्या नांदायला गेल्या नाहीत, पुढे डॉक्टर झाल्या, पुन्हा लग्न मात्र त्यांनी कधीच केले नाही.

या कोंडीतून मृत्यूची मदत न घेता बाहेर पडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांच्या ‘हिंदोळ्यावर’ या १९३४ सालच्या कादंबरीत दिसतो. नवऱ्यापासून दुरावलेली सुशिक्षित अचला विरागवर प्रेम करते, आणि कायद्याने पहिले लग्न मोडता येत नाही म्हणून लग्नाशिवायच त्याच्याबरोबर संसार मांडण्याचा विचार करते. बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला होता, मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला, आणि रायपूर ज्या मध्यप्रांतात होते तिथल्या स्त्रीला थेट १९५५च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. त्या कायद्यातही क्रूरता हे आधी फक्त न्यायिक विभक्ततेचे, म्हणजे लग्न कायम ठेवून वेगळे राहण्याचे कारण होते. घटस्फोटाचे कारण ते १९७६च्या दुरुस्तीने झाले. ही सनावळी डोळ्यांपुढे ठेवली की अचलेच्या धाडसाचे मोजमाप कळते. कादंबरीचे नाव झोक्यावरून आले आहे आणि तिची शैलीही तशीच हेलकावे खाते, काही ठिकाणी चर्चा कथेला गिळते; तरीही प्रेमात पडण्याची भीती आणि प्रेमाची भूक या दोन्ही एकाच स्त्रीच्या मनात एकाच वेळी नांदवण्याचे काम तिने केले, आणि ‘नांदवणे’ हे क्रियापद इथे प्रथमच स्त्रीच्या बाजूने वापरता येते. त्याच दशकात ‘निखळलेली हिरकणी’ आणि ‘वठलेला वृक्ष’ लिहिणाऱ्या विदर्भातल्या गीता साने यांनी लग्नसंस्थेला अधिक कठोर प्रश्न विचारले, पण त्यांना प्रणयापेक्षा प्रश्नाची ओढ जास्त होती.

१९८०नंतरचे चित्र वेगळे आहे, आणि त्याची कारणे साहित्याबाहेर आहेत. १९८३ साली भारतीय दंडविधानात विवाहितेच्या छळाबद्दलचे कलम ४९८अ आले. त्याच वर्षी ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ रंगभूमीवर आले. २००५चा कौटुंबिक हिंसाविरोधी कायदा पुढल्या वर्षी ऑक्टोबरात लागू झाला. छळाला शब्द मिळाले, आणि आत्मकथनांचे, साक्षीचे साहित्य जोमाने वाढले. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ किंवा ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ वाचल्यावर घराच्या आतले मराठीत पुन्हा झाकता आले नाही. परंतु साक्षीच्या साहित्याचा एक दाब असतो: साक्षीदाराने सुखी दिसू नये, नाहीतर साक्ष पातळ होते, अशी एक अलिखित अट त्यात शिरते. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये नवऱ्याचे घर सोडून आलेली चंपा दुसऱ्या पुरुषाच्या घरात येते आणि तिथेच मारली जाते, ‘कन्यादान’मधील ज्योती मार खाऊनही परत जाते. ही नाटके सत्य सांगतात याबद्दल वाद नाही, पण अर्धशतकभर हेच एक सत्य प्रतिष्ठित मानले गेले. कविता महाजनांच्या ‘ब्र’मधील प्रफुल्ला मोडलेल्या लग्नातून बाहेर पडून आदिवासी भागातील बायकांमध्ये काम करते आणि तिला आवाज सापडतो, मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’मध्ये लग्नानंतरच्या नात्यांची निर्भीड उलटतपासणी आहे, गौरी देशपांड्यांच्या नायिका प्रेम करायला भीत नाहीत, मात्र त्यांच्या आयुष्यातले पुरुष क्वचितच मारकुटे असतात. कामातून सावरणे, मैत्रीतून सावरणे, एकटेपणातून सावरणे हे सगळे मराठीत समर्थपणे लिहिले गेले आहे. प्रेमातून सावरणे मात्र फिरत्या वाचनालयांच्या कादंबऱ्यांकडे, मालिकांकडे आणि आता मोबाईलवर प्रकरणाप्रकरणाने वाचल्या जाणाऱ्या कथांकडे सोपवलेले आहे.

लोकप्रिय प्रणयकथेला हे काम झेपते का, हा खरा अवघड प्रश्न आहे. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की प्रणयकादंबरीची वाचक नायकाचा तुसडेपणा, संशय, अचानक उफाळणारा राग यांचा अर्थ ‘दडलेले प्रेम’ असा लावायला शिकते, आणि शेवटच्या प्रकरणात तो अर्थ खरा ठरतो. याच्याशेजारी लेनोर वॉकर यांनी १९७९ साली मांडलेले ‘हिंसेचे चक्र’ ठेवावे: ताण वाढतो, स्फोट होतो, मग क्षमायाचना आणि लाडांचा गोड काळ येतो आणि चक्र पुन्हा फिरते. पहिल्या साच्यात ज्या खुणा प्रेमाच्या, त्याच दुसऱ्यात धोक्याच्या आहेत. म्हणून छळानंतरच्या प्रेमाची कादंबरी लिहिणाऱ्याला आपल्याच प्रकाराचे व्याकरण उलटे शिकावे लागते. मनगट घट्ट धरणारा, फोन कोणाचा म्हणून विचारणारा, तिच्यासाठी कोणालाही बदडणारा नायक इथे चालत नाही. मराठी मोबाईल-कथांमध्ये तो बहुधा चालतो. पहिल्या नवऱ्याचा पझेसिव्हनेस खलनायकी ठरतो आणि दुसऱ्याचा गोड. कॉलीन हूव्हरच्या ‘इट एन्ड्स विथ अस’ या २०१६च्या प्रचंड खपाच्या कादंबरीचे बळ इथेच आहे: छळणारा नवरा पहिल्या भागात नेहमीच्या प्रणयनायकासारखाच रंगवला असल्याने वाचकही नायिकेबरोबर फसतो. तिची मर्यादाही उघड आहे, कारण पर्यायी पुरुष इतका निर्दोष आहे की नायिकेला निवड करावीच लागत नाही.

मराठी मालिकांनी एक वेगळीच गंमत केली आहे, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ‘माझी तुझी रेशीमगाठ’मध्ये नवऱ्याने टाकलेली, लेकीला एकटीने वाढवणारी नेहा यशच्या प्रेमात पडते, आणि घरोघरी ते कौतुकाने पाहिले जाते. बंगालीवरून बेतलेल्या ‘आई कुठे काय करते’ने २०१९च्या डिसेंबरपासून जवळजवळ पाच वर्षे अरुंधतीचा प्रवास दाखवला: वर्षानुवर्षांची अवहेलना, नवऱ्याचे बाहेरचे प्रकरण, घटस्फोट, आणि मग आशुतोषशी लग्न. पन्नाशीकडे झुकलेल्या आईचे दुसरे लग्न रोज संध्याकाळी सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहणे ही सामाजिकदृष्ट्या लहान गोष्ट नव्हे. पण पुढे मालिकेने आशुतोषला मारले. एकोणिसाव्या शतकात नायिकेला प्रेम मिळावे म्हणून पहिला नवरा मरत असे. एकविसाव्या शतकात, कायद्याची सगळी दारे उघडी असताना, ते प्रेम मिळून गेल्यावर दुसरा मरतो. नायिका पुन्हा एकटी, सोशिक आणि पूज्य होते, आणि कथा तिच्या ओळखीच्या वळणावर येऊन सुटकेचा निःश्वास टाकते.

या प्रकारात मूल कुठे बसते, हाही मराठीने फारसा न सोडवलेला पेच आहे. मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’मध्ये शकुनने डॉक्टर जोशींशी केलेले दुसरे लग्न मुलाच्या डोळ्यांनी दिसते आणि त्याची किंमत मूल मोजते, नव्या घरातला प्रत्येक सोज्वळ तपशील बंटीला परका वाटतो, हे लिहिताना भंडारींनी कोणालाच खलनायक केलेले नाही. मराठी लोकप्रिय कथेत मूल बहुधा दूताचे काम करते, म्हणजे तेच नव्या बाबांना निवडते आणि आईचा संकोच मोडते. हे सोयीचे आहे, आणि सोय ही कादंबरीची शत्रू असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत, भारतातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे छळानंतरच्या प्रेमाच्या कादंबरीची वाचक भनपुरीत असो वा भंडाऱ्यात, तिला छळाचे वर्णन नव्याने ऐकण्याची गरज कमी आहे. तिच्या अनुभवाला जे अपरिचित आहे ते म्हणजे भय नसलेले घर, आणि त्याचे वर्णन करण्याची कला मराठी प्रणयकथेने रायपूरच्याच एका कादंबरीकडून शिकावी. विनोदकुमार शुक्ल यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ला १९९९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; त्या कादंबरीत छळ नाही, खलनायक नाही, दुसरे लग्नही नाही. लहान गावातल्या महाविद्यालयात गणित शिकवणारा रघुवर प्रसाद आणि त्याची बायको सोनसी एका खोलीत राहतात, भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे उतरतात, आणि शेकडो पानांत एकदाही कोणाचा आवाज चढत नाही. नवरा घरी यायच्या वेळी छातीत धडधड न होणे, भांडे हातून पडल्यावर कोणीच वळून न पाहणे, अशा गोष्टी मार खाल्लेल्या नायिकेच्या नजरेने लिहिल्या तर त्या घटना होतात, आणि प्रकरणेच्या प्रकरणे पेलू शकतात. दुसऱ्या पुरुषाला त्यासाठी श्रीमंत, तारणहार किंवा हुतात्मा असावे लागत नाही. तो दार लोटताना आधी खाकरतो, आणि तिसऱ्या महिन्यात कधीतरी ती त्या खाकरण्याने दचकेनाशी होते.