मोहिनीचा विध्यर्थ

'ग्लॅमर' हे 'ग्रामर' या शब्दाचेच स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकात रूढ झालेले रूप होय. मध्ययुगीन युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिन विद्या. आणि जी विद्या मोजक्यांनाच अवगत, ती मंत्रविद्याच असणार, अशी सामान्य जनांची समजूत. त्यामुळे 'ग्लॅमर' म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर घातलेली भूल, आपल्याकडील गारुड्याची नजरबंदी, असा अर्थ प्रचारात आला. वॉल्टर स्कॉटच्या काव्याने हा शब्द साहित्यात रुळविला व विसाव्या शतकात चित्रपटाने त्याला नटनटींच्या मोहकतेचा अर्थ दिला. या प्रवासात व्याकरणाचा अर्थ समूळ विसरला गेला. ग्लॅमर-छायाचित्रणावरील टीकेतही हीच विस्मृती आढळते. ती चित्रांतील भूल तेवढी पाहते. तिच्यामागील नियमबद्ध रचना आणि त्या रचनेवर उपजीविका करणारा कारागीर हे दोन्ही तिच्या दृष्टीआड राहतात.

या संदर्भात हॉलिवुडचा छायाचित्रकार जॉर्ज हरेल (१९०४–१९९२) याचे उदाहरण उद्बोधक आहे. १९२५ मध्ये तो कॅलिफोर्नियात आला तो चित्रकार म्हणून. परंतु चित्रकलेपेक्षा छायाचित्रणाची प्राप्ती अधिक भरवशाची, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले. १९२९ मध्ये नॉर्मा शिअरर या अभिनेत्रीने त्याच्याकडून स्वतःची छायाचित्रे काढवून घेतली. तिचा पती आयर्विंग थॅलबर्ग हा मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेचा निर्मितिप्रमुख होता. 'द डिव्होर्सी' या चित्रपटातील नायिकेला लागणारी मादकता आपल्या पत्नीत नाही, असे त्याचे मत होते. छायाचित्रांनी ते पालटले. शिअररला भूमिका मिळाली, त्या भूमिकेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि हरेलला संस्थेत नोकरी मिळाली.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही छायाचित्रे 'स्वार्था'तील नव्हेत, 'विध्यर्था'तील आहेत. 'हा चेहरा असा आहे' असे ती सांगत नाहीत. 'हा चेहरा असा असावा' असे सांगतात. या विधानाचे नियमही काटेकोर आहेत. लांब दांडीच्या टोकाला टांगलेला दिवा वरून प्रकाश टाकतो. गालाचे हाड उजळते, त्याखाली छाया पडते, केसांची कड चमकते, पार्श्वभूमी अंधारात विरते. पुढे आठ इंच बाय दहा इंच आकाराच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने संस्करण होते व जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावरील बारीक ठिपके नाहीसे होतात. अशा चित्रांना असत्य ठरविणे म्हणजे 'त्याने यावे' या वाक्यावर 'पण तो आलेला नाही' असा आक्षेप घेण्यासारखे आहे.

तथापि एवढ्याने समीक्षेचे कार्य संपत नाही. 'असावा' ही इच्छा कोणाची, हा खरा प्रश्न आहे. तिचे उत्तर वेतनात दडलेले आहे. स्टुडिओत काढलेली छायाचित्रे संस्थेच्या मालकीची असत व प्रसिद्धीसाठी नियतकालिकांना विनामूल्य पाठविली जात. १९३२ मध्ये हरेलने नोकरी सोडून सनसेट बूलेव्हार्डवर स्वतःचा स्टुडिओ थाटला. पण तेथेही चित्रपटसंस्था आणि त्यांचे तारेच त्याचे आश्रयदाते राहिले. धनी गेला, गिऱ्हाईक उरले. त्याच्या चित्रांतील उणीवही येथूनच उद्भवते. निरनिराळे चेहरे एकाच साच्यातील वाटू लागतात. थकवा, वार्धक्य, संभ्रम यांना त्या व्याकरणात प्रत्ययच नाही. स्वतःविरुद्ध जाणाऱ्या वाक्यासाठी कोणते गिऱ्हाईक पैसे मोजील? महायुद्धानंतर लहान कॅमेरा व सहज टिपलेले क्षण यांची अभिरुची वाढली, तेव्हा ही भाषा जुनी ठरली. हरेल जाहिरातींकडे आणि पुढे चित्रीकरणस्थळीच्या स्थिरचित्रणाकडे वळला. त्याच्या जुन्या छायाचित्रांना संग्राहकांनी किंमत दिली ती फार उशिरा.

उपजीविका आणि स्वत्व यांचा हाच प्रश्न मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही उद्भवला. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी त्याचे निराळे उत्तर शोधले. लिंटास या जाहिरातसंस्थेतील नोकरी सांभाळून त्यांनी तारेतारकांची छायाचित्रे काढण्यास आरंभ केला आणि १९८७ मध्ये नोकरी सोडली. म्हणजे शैली घडत असताना पोटाची सोय अन्यत्र होती. त्यांचा मृदू प्रकाशही विध्यर्थीच आहे. मोहिनी घालण्याचे कार्य तोही सोडीत नाही. परंतु १९९७ मधील 'फेसेस' या ग्रंथात ही व्यक्तिचित्रे छायाचित्रकाराच्या नावाखाली एकत्र आली. नियतकालिकाच्या पानावर जे ताऱ्याचे चित्र होते, ते ग्रंथात त्याच्या कर्त्याचे झाले.

ग्लॅमर-छायाचित्राची समीक्षा म्हणूनच दुहेरी असावयास हवी. त्यातील प्रकाशयोजनेचे नियम उलगडले नाहीत, तर कारागिराचे कौशल्य दिसणार नाही. आणि त्याला पैसे कोणी, कशासाठी दिले हे विचारले नाही, तर त्या कौशल्याला पडलेल्या मर्यादा त्याच्याच प्रतिभेच्या मर्यादा म्हणून त्याच्या माथी मारल्या जातील.