घरपोच किट: ‘स्वतः’ वेगळं, ‘घरी’ वेगळं

एचआयव्हीसह जगणाऱ्या पुरुषांसाठी लैंगिक आजारांची घरपोच तपासणी, या विषयावरचे पेपर वाचाल तेव्हा ‘घरपोच’ या एका शब्दात किती गोष्टी बांधल्या आहेत, ते आधी मोजा.

नेहमीचा आराखडा असा: किट घरी जातं, माणूस लघवी, घसा आणि गुदद्वाराचे नमुने स्वतः घेऊन परत पाठवतो, निकाल फोनवर कळतो. यातला स्वतः नमुना घेण्याचा भाग भक्कम आहे. गोनोरिया आणि क्लॅमिडियासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच त्याची शिफारस केली. गरजही खरी आहे. घसा किंवा गुदद्वारातला संसर्ग बऱ्याचदा लक्षणं दाखवत नाही आणि नुसत्या लघवीच्या तपासणीत सापडत नाही. आपल्या सरकारी केंद्रांत भर लक्षणं बघून उपचार करण्यावर. लिंगातून स्राव असेल तर राखाडी रंगाचं ‘किट १’. म्हणजे इथे किट हे औषधांचं पाकीट! लक्षण नाही, तर बहुधा पाकीटही नाही.

इथपर्यंत पटतं. आता हा आराखडा बुलढाणा जिल्ह्यात ठेवून बघा. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या एकत्र कुटुंबात आलेलं पार्सल कोण उघडतं? २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने कळलेली माहिती फोडायला तो मनाई करतो. पार्सल उघडणाऱ्या मोठ्या भावाला तो अडवत नाही.

दुसरी अडचण सिफिलिसची. बोटातल्या रक्तावरची नेहमीची झटपट चाचणी आजार बरा झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह येते. पूर्वी सिफिलिस होऊन गेलेल्याला घरी दिसलेल्या रेघेवरून नवा संसर्ग कळत नाही. आरपीआरची पातळी बघावी लागते, आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावाच लागतो.

म्हणून माझा आक्षेप: ‘स्वतः’ आणि ‘घरी’ हे दोन वेगळे घटक आहेत. घरपोच किटची तुलना फक्त नेहमीच्या दवाखान्याशी केली, तर फरक कशामुळे पडला हे कळणारच नाही. एआरटी केंद्रावर औषध घ्यायला माणूस येतोच ना? तिथेच, बंद दाराआड, त्याने स्वतः नमुना घेतला तर? हा तिसरा गट आराखड्यात आहे का, ते शोधा.

आणि किती किट मागवली गेली, या आकड्यावर थांबू नका. किती परत आली आणि किती जणांचा उपचार पूर्ण झाला, हे विचारा. तुमच्या प्रस्तावाला परीक्षकही हेच विचारतील.