असेंब्लीत अख्खे अ‍ॅप्लिकेशन: कौशल्य की हट्ट?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, अख्खं अ‍ॅप्लिकेशनच असेंब्लीत लिहिलं तर? वेगवान होईल, आणि यंत्र खरं काय ते कळेल." सहा महिने घालायची त्याची तयारी होती. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

आधी त्याची बाजू बघू. क्रिस सॉयर यांनी 'रोलरकोस्टर टायकून' हा १९९९ चा खेळ जवळजवळ सगळा असेंब्लीत लिहिला. १९८३ चे 'लोटस वन-टू-थ्री' असेंब्लीतच होते, आणि वेग ही त्याची मोठी ताकद होती. पण यावरून "सगळ्यांनी असेच लिहावे" म्हणणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे. लोटसची तिसरी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहावी लागली. ती यायला १९८९ उजाडले. तोवर विंडोजवर एक्सेल आले होते. युनिक्सही आधी असेंब्लीत होते. १९७३ मध्ये ते सीमध्ये लिहिले गेले, म्हणून तर पुढे इतक्या यंत्रांवर पोचले. असेंब्ली एका प्रोसेसर-घराण्याशी बांधलेली असते. घराणे बदलले की लेखन पहिल्यापासून.

आता वेग. प्रोग्रॅमचा बराचसा वेळ मोजक्या ओळींत जातो. 'डेव्हवनडी' हा व्हिडिओ डीकोडर बघा: सांगाडा सीमध्ये, फक्त कळीचे भाग असेंब्लीत. यात विवेक आहे. उरलेल्या कोडवर घाम गाळून हाती काय लागते?

राहिला "खरं यंत्र कळेल" हा दावा. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला इथेच अडायला होते. आजचे इंटेलचे प्रोसेसर तुमची असेंब्ली आज्ञाही आत फोडतात, तिचा क्रम बदलतात. म्हणजे ज्याला तुम्ही तळ समजता, तोही एक पडदाच. शिवाय दोन संख्यांची बेरीज झाली एवढे असेंब्ली सांगते. ती व्याजाची की कराची, हे सांगत नाही. 'कसे' उरते, 'का' हरवतो. आणि दुरुस्तीला बसणाऱ्या माणसाला 'का' हवा असतो ना!

त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले: असेंब्ली जरूर शीक. एक फंक्शन लिही, कंपायलरच्या कोडशेजारी ठेव, वेळ मोज. हरलास तरी शिकशील, जिंकलास तर तेवढाच तुकडा ठेव. साधना म्हणून सगळे लिहिलेस तरी हरकत नाही. पण आपल्या साधनेचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देऊ नकोस.