न्हावा-शेव्याचे नकाशे : खुले, पण कोणाला?

कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, अर्थसंकल्पाचीही होते; नकाशाची मात्र सहसा होत नाही. नकाशा बरोबर की चूक, एवढेच आपण विचारतो. वास्तविक नकाशालाही कर्ता असतो, भाषा असते, आणि काय दाखवायचे व काय गाळायचे याचा निर्णय त्यामागे असतो. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा परिसराचे जे पर्यावरणविषयक नकाशे आणि उपग्रहचित्रे आज कोणालाही मिळू शकतात, ती गेली काही वर्षे मी घरच्या संगणकावर एकावर एक ठेवून पाहतो आहे. भूगोलाचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली आणि थोडी चिकाटी, एवढेच भांडवल. या वाचनातून एक प्रश्न उभा राहिला : माहिती खुली झाली म्हणजे ती उपयोगाची झाली का?

हा प्रश्न पुस्तकी नाही. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. पुढे बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी बुडाल्याची तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा दाव्यातली मूळ अडचण लक्षात घ्या. शेतकऱ्याकडे सातबारा असतो; खाडीला सातबारा नसतो. भरतीच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या जाळे टाकणाऱ्याला 'इथे पाणी होते, इथे तिवर होते' हे दाखवायचे तर हाताशी उरतो तो नकाशाच.

नकाशे मिळू लागले, हे मान्य केलेच पाहिजे. एके काळी किनारपट्टीचे तपशीलवार सरकारी नकाशे प्रतिबंधित असत. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅटचा संग्रह मोफत केला. त्यामुळे बंदरापूर्वीचे न्हावा-शेवा आज कोणीही पाहू शकतो. २००९ मध्ये इस्रोचे 'भुवन' आले. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ची दहा मीटर तपशिलाची चित्रे मिळतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरील बहुतेक निर्बंध उठवले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. दार उघडले आहे. आत काय आहे, ते पाहू.

पहिली उणीव प्रमाणाची. भारतीय वन सर्वेक्षण कांदळवनाची मोजणी १:५०,००० या प्रमाणावर करते आणि एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा मोजत नाही. २०१९च्या अहवालात महाराष्ट्राचे कांदळवन ३२० चौरस किलोमीटर होते, २०२१च्या अहवालात ३२४. आकडा वाढला, पण एखाद्या खाडीचे तोंड भरावाने बुजले का, हे त्यातून कळत नाही. या प्रमाणावर नकाशातला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. कांदळवनाभोवती बांधकामाला मनाई असलेला, मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेला पट्टाही पन्नास मीटरचाच. म्हणजे कायद्याने राखलेली सगळी जागा पेन्सिलीच्या एका रेघेत मावते. पाणथळींचेही तेच. राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागा नोंदल्या गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षण दिले ते त्या जागांना. मोजणीच्या सोयीसाठी धरलेली मर्यादा अशी संरक्षणाची मर्यादा होऊन बसली.

दुसरी उणीव नावांची. २०१७च्या पाणथळ नियमांतून भातशेती, मिठागरे आणि मत्स्यतळी वगळली आहेत. उरणचे खाजण याच तिन्हींचे मिळून बनलेले असते. बांध शाबूत असेपर्यंत तिथे भात पिकतो. बांध फुटला की खारे पाणी, जिताडा आणि कोलंबी येते. काही वर्षांत तिवर उगवते. नकाशाला मात्र एका जागेचा एकच रंग हवा असतो. पाणजे येथील सुमारे २८९ हेक्टर क्षेत्र ही पाणथळ की विकासाची जमीन, हा वाद इतकी वर्षे चालतो, याचे एक कारण या रंगनिवडीत आहे.

तिसरी उणीव मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे उपग्रह आपल्याकडे साधारण सकाळी अकराच्या सुमारास चित्र टिपतात. वेळ ठरलेली, पण समुद्र ठरलेला नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती असते. अष्टमीला त्याच सुमारास ओहोटी. साहजिकच पौर्णिमेच्या चित्रात चिखलपट्टी पाण्याखाली दिसते आणि अष्टमीच्या चित्रात उघडी. दोन वर्षांची दोन चित्रे शेजारी ठेवून 'एवढी जमीन वाढली' किंवा 'एवढी खाडी गेली' असे म्हणणारा अभ्यासक तिथी पाहत नसेल, तर त्याचे अनुमान लटके ठरते. चित्रासोबत तारीख येते, ढगांचे प्रमाण येते. भरतीची स्थिती येत नाही. उधाण आणि भांग यांवर ज्याचे पोट चालते त्या कोळ्याला ही चूक तिथी ऐकताच कळेल. पण ते चित्र त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

चौथी उणीव रूपाची. किनारा नियमनाचे १:४,००० प्रमाणाचे, सर्व्हे नंबर असलेले नकाशे निर्णायक असतात. पण ते मिळतात चित्राच्या रूपात, ज्यावर मोजणी करता येत नाही. एका कार्यालयातून मला मिळालेली प्रत काळी-पांढरी होती. भरतीरेषा आणि तिच्यापासूनची मर्यादा, दोन्ही करड्या. शिवाय २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी अहवालाचा गोषवारा मराठीत द्यावा लागतो. नकाशाची सूची मात्र बहुधा इंग्रजीतच राहते.

याला दुसरी बाजू आहे. खुला नकाशा जमिनीचा दलालही वाचतो, आणि तो अधिक वेगाने वाचतो. मासे कुठे मिळतात हे कोळीवाड्याने नकाशावर मांडले, तर परक्या ट्रॉलरलाही ते कळेल. म्हणून सगळेच खुले करा, अशी सरसकट मागणी मी करणार नाही. समाजाने दिलेली माहिती त्या समाजाच्या संमतीनेच बाहेर जावी. सरकारने जनतेच्या पैशातून गोळा केलेली माहिती मात्र पूर्ण खुली असावी.

हे जमण्यासारखे आहे. २००५च्या आदेशात मुंबई उच्च न्यायालयाने उपग्रहाधारित कांदळवन नकाशे सर्व्हे नंबरांशी जोडायला लावले, तेव्हा त्या नकाशांना तलाठ्याच्या दप्तरात अर्थ आला. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. त्याच दिवशी प्रकल्पाचा नकाशा मोजता येईल अशा रूपात, सर्व्हे नंबरांसह, मराठी सूचीसह आणि प्रत्येक उपग्रहचित्राच्या वेळची भरती-ओहोटी नोंदवून प्रसिद्ध करावा. त्याला नवा उपग्रह लागत नाही, नवे धोरणही लागत नाही. मग सुनावणीच्या मांडवात कोळ्याला 'तुमच्याकडे पुरावा काय?' असे विचारले गेले, तर त्याच नकाशावर बोट ठेवून तो 'हे चित्र कोणत्या तिथीचे?' असे उलट विचारू शकेल.