कार्नेगींचे ‘शुभवर्तमान’ : एक फेरवाचन

‘शुभवर्तमान’ हा शब्द आपल्या कानांवर इतका रुळलेला आहे की तो दुसऱ्या कुणी दुसऱ्याच कशासाठी वापरला तर आपण थबकतो. १८८९ सालच्या जून महिन्यात ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखकाने त्याला दिलेले नाव साधे होते : ‘संपत्ती’. लंडनच्या एका सायंदैनिकाने तो पुनर्मुद्रित करताना ‘संपत्तीचे शुभवर्तमान’ असा मथळा दिला आणि निबंध त्याच नावाने जगभर गेला. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही तो जुना झालेला नाही. २०१० साली वॉरन बफे आणि बिल गेट्स यांनी जगातील अतिश्रीमंतांना निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याची जाहीर प्रतिज्ञा घ्यायला लावली, तिच्यामागचा विचार याच निबंधाशी नाते सांगतो. म्हणून तो पुन्हा वाचावा, आणि आपल्या डोळ्यांनी वाचावा, असे आम्हांस वाटले.

प्रश्न एवढाच आहे : ज्यांच्यापाशी विपुल आहे त्यांनी, ज्यांना आयुष्याच्या प्रारंभी संधीच मिळाली नाही त्यांच्यासाठी जे करायचे ते औदार्य की ऋण? मराठी भाषेने ही गाठ एका शब्दात घालून ठेवली आहे. ‘देणे’ म्हणजे हातून सोडणे, आणि ‘देणे’ म्हणजे डोक्यावर असलेली बाकी. देणगी देणारा आणि देणेकरी एकाच धातूपासून जन्मले. पण समाजात एकाचे नाव संगमरवरावर कोरले जाते आणि दुसऱ्याचे सावकाराच्या वहीत. कार्नेगींचा निबंध या दोन अर्थांच्या मध्ये कुठे उभा आहे, हे पाहणे हाच या टिपणाचा हेतू.

प्रथम निबंधाचे मोठेपण मान्य केले पाहिजे. आपल्या काळातील धनिकांना न रुचणारी गोष्ट कार्नेगींनी धनिकांच्याच भाषेत सांगितली. अतिरिक्त संपत्तीची विल्हेवाट तीन प्रकारे लावता येते, असे ते म्हणतात : ती मुलाबाळांना ठेवावी, मृत्युपत्राने लोककार्याला द्यावी, किंवा हयातीतच स्वतः विचारपूर्वक खर्च करावी. पहिला मार्ग मुलांचे अहित करणारा, दुसरा बहुधा फसणारा, म्हणून तिसराच श्रेयस्कर. इतकेच नव्हे, तर मोठ्या इस्टेटींवर मृत्यूनंतर शासनाने चढत्या दराने जबर कर बसवावा, आणि सर्व करांत हाच सर्वांत शहाणपणाचा कर होय, असेही ते लिहून जातात. ग्रेट ब्रिटनचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना या निबंधाचा बराचसा भाग पसंत पडला, पण वारशावरील हा हल्ला मानवला नाही. धनिक वर्ग आज या निबंधाला आपला आधारग्रंथ मानतो. मात्र हे विशिष्ट पान तो पटकन उलटून पुढे जातो. आपल्या देशातही १९५३ साली सुरू झालेला मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला आणि १९५७ सालचा संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपुष्टात आणला. कार्नेगी हयात असते तर त्यांनी याबद्दल आपल्या उद्योगपतींचे अभिनंदन केले असते, असे आम्हांस वाटत नाही.

निबंधाच्या उत्तरार्धात, जो त्याच वर्षाच्या डिसेंबरात आला, दान कुठे करावे याची क्रमवार यादी आहे : विद्यापीठे, ग्रंथालये, रुग्णालये, उद्याने, सभागृहे, पोहण्याचे तलाव आणि सर्वांत शेवटी प्रार्थनामंदिरे. आमच्या व्यवसायबंधूंनी या क्रमाचे वाईट वाटून घेऊ नये. तहानलेल्याला आधी पाणी, मग प्रवचन, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आता या निबंधातील उणिवेकडे वळू. ती लेखकाच्या स्वतःच्या बालपणाच्या उजेडात सर्वांत स्पष्ट दिसते. स्कॉटलंडमधील डनफर्मलिन गावच्या एका हातमागवाल्याचा हा मुलगा. यंत्रमागांनी बापाचा धंदा बुडवला आणि १८४८ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले. तेराव्या वर्षी आठवड्याला एक डॉलर वीस सेंट मजुरीवर पोरगा सूतगिरणीत लागला, पुढे तारखात्यात तारा पोचवणारा झाला. त्या गावी कर्नल अँडरसन नावाचे सद्गृहस्थ आपली सुमारे ४०० पुस्तके दर शनिवारी कामकरी मुलांना वाचावयास देत. या खासगी संग्रहाचे पुढे रीतसर ग्रंथालय झाले, तेव्हा व्यवस्थापकाने नियम काढला की धंदेशिक्षण घेणाऱ्या उमेदवारांनाच प्रवेश मोफत. इतरांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत. तारवाला पोरगा ‘इतरांत’ मोडत होता. त्याने काय केले? कुणाच्या पाया पडला नाही. त्याने स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहिले, ‘कामकरी मुलगा’ अशी सही केली, आणि देणगीदाराच्या हेतूत आपणही बसतो असा युक्तिवाद केला. दार उघडले.

या प्रसंगाचा उल्लेख कार्नेगींनी आपल्या आत्मचरित्रात अभिमानाने केला आहे, आणि अँडरसन यांचे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. इंग्रजी भाषिक जगात सुमारे २,५०० ग्रंथालये त्यांच्या पैशाने उभी राहिली ती या आठवणीतून. हे सारे थोर आहे. परंतु निबंध वाचताना आम्ही तो मुलगा शोधत राहिलो आणि तो सापडला नाही. निबंधात गरीब माणूस आहे, पण तो बोलत नाही. त्याला पत्र लिहिण्याची मुभा नाही. धनिक हा गरिबांचा विश्वस्त असून तो त्यांच्या पैशाची व्यवस्था त्यांच्यापेक्षा अधिक चांगली करील, असे लेखक स्पष्ट म्हणतो. हीच रक्कम वेतनाच्या रूपाने थोडीथोडी वाटली गेली असती तर ती खाण्यापिण्यात विरून गेली असती. एका हाती साठून मोठी संस्था झाली यातच लोकांचे कल्याण, असा त्याचा दावा आहे. इथे निबंधाचा पाया उघडा पडतो.

कारण ‘थोडीथोडी वाटलेली रक्कम’ म्हणजे कामगाराची मजुरी. निबंधानंतर तीनच वर्षांनी, १८९२ च्या जुलैत, कार्नेगींच्या होमस्टेड येथील कारखान्यात वेतनकपातीवरून झगडा पेटला. मालक स्कॉटलंडमध्ये होते. व्यवस्थापक हेन्री फ्रिक यांनी भाड्याचे ३०० सशस्त्र पहारेकरी नदीतून होड्यांवर आणले. दोन्ही बाजूंची माणसे मेली, लष्कर आले, संघटना मोडली, आणि पुढची कित्येक वर्षे बारा तासांची पाळी हाच त्या पोलादनगरीचा दिनक्रम राहिला. १८९८ मध्ये होमस्टेडला सुंदर ग्रंथालय उघडले. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला मनुष्य कोणत्या वेळी कोणते पुस्तक उघडणार होता, हे तेथील कामगार विचारीत. व्हीलिंग या शहरातल्या कामगार संघटनांनी तर १९०४ साली मतदानात कार्नेगींचे ग्रंथालयच नाकारले आणि पुढे गावाने आपले ग्रंथालय आपल्या पैशाने बांधले. हा कृतघ्नपणा होता काय? आम्हांस तो हिशेबाचा आग्रह वाटतो. ज्याची मजुरी राखून ठेवली त्यालाच तिचा काही भाग देणगी म्हणून परत करणे, यात दाता कोण आणि घेता कोण?

पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे प्रसिद्ध परिपत्रक १८९१ च्या मे महिन्यात निघाले, म्हणजे या निबंधानंतर दोन वर्षांनी आणि होमस्टेडच्या आधी एक वर्ष. काही वाचक ते कार्नेगींवर सरळ उगारण्याच्या मोहात पडतील. तसे करू नये. आपल्या गरजा भागल्यावर जे उरते त्यातून गरजवंताला देणे हे कर्तव्य आहे, असे पोप सांगतात. पण पराकोटीच्या गरजेचा प्रसंग सोडला तर ते न्यायाचे नव्हे, प्रीतीचे कर्तव्य आहे आणि त्याची सक्ती कायद्याने करता येत नाही, असेही ते म्हणतात. इथवर ते कार्नेगींपासून फार दूर नाहीत. फरक मजुरीपाशी पडतो. कामगार आणि मालक यांच्यात करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरी कामगाराचा चरितार्थ चालेल एवढी ती असलीच पाहिजे, आणि हा न्यायाचा भाग आहे, असे परिपत्रक बजावते. म्हणजे क्रम असा : आधी ऋण फेडा, मग दान करा. कार्नेगींच्या निबंधात दुसरी पायरी भव्य आहे आणि पहिली गायब आहे. १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी संत आंब्रोज यांचा दाखला देऊन आणखी पुढचे पाऊल टाकले : इतरांना आवश्यक तेही मिळत नसताना आपल्या गरजेपलीकडचे केवळ स्वतःसाठी राखण्याचा हक्क खासगी मालकी देत नाही.

‘विश्वस्त’ हा शब्द आपल्या देशात गांधीजींमुळे परिचित आहे. त्यांना ही कल्पना गीतेच्या वाचनातून आणि इंग्रजी कायद्याच्या अभ्यासातून स्पष्ट झाली, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. कायद्यातला विश्वस्त मात्र साधा प्राणी नाही. ज्याच्यासाठी मालमत्ता सांभाळायची तो त्याला न्यायालयात खेचू शकतो, हिशेब मागू शकतो. कार्नेगींचा विश्वस्त कुणालाच हिशेब देत नाही. गांधीजींच्या नजरेखालून गेलेल्या विश्वस्तवृत्तीच्या मसुद्यात मालकीचे कायद्याने नियमन करण्यास वाव ठेवलेला होता, ही गोष्ट त्यांच्या नावाने पुष्पहार वाहणाऱ्या आपल्या भांडवलदारांना सहसा आठवत नाही.

या निबंधाचा प्रतिवाद करणारा उत्तम पुरावा कार्नेगींच्या स्वतःच्या कृतीत आहे. ग्रंथालयासाठी पैसे देताना त्यांची अट असे की गावाने जागा द्यावी, आणि देणगीच्या दशांशाइतकी रक्कम दरवर्षी करातून त्याच्या चालवणुकीसाठी बांधून द्यावी. इमारत एकाची, पण तिच्यातला दिवा सर्वांच्या करातून जळायचा. संधी ही दानावर तगत नाही, तिला दरसालची, सक्तीची, सर्वांवर बसणारी तरतूद लागते, हे त्या व्यवहारचतुर माणसाने ओळखले होते. निबंधात जे नाही ते करारनाम्यात आहे.

याच काळात इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी तोच प्रश्न उलट बाजूने मांडला होता. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. ‘श्रीमंतांनी गरिबांना अधिक काही द्यावे काय’ असे आपण विचारतो तेव्हा गरिबांनी आजवर श्रीमंतांना काय दिले ते हिशेबात धरत नाही. फुल्यांनी ते धरले. पुढे १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती मूठ मूठ धान्य गोळा करून आणि मुलांच्या स्वतःच्या श्रमांवर. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. बहुजनांच्या संधीचा मोठा वाटा ज्यांच्यापाशी थोडे होते त्यांनीच उचलला.

धनिकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. शासनाच्या हाती गेलेला पैसा वाटेत गळतो, ही तक्रार खोटी नाही. कष्टाने उभा केलेला धंदा कुणी हिरावून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण ‘माझे मी मिळवले’ या वाक्याची तपासणी आपल्या वसईच्या वाड्यांतच करून पाहावी. आजोबांनी केळी आणि पानवेलीसाठी राखलेल्या जमिनीला आज जो भाव आला तो कुणाच्या घामाने आला? रेल्वे आली, रस्ते झाले, मुंबईची माणसे राहावयास आली. भाव समाजाने चढवला, पैसा सातबारावर नाव असलेल्याला मिळाला. त्यात पाप नाही. पण त्या पैशावर समाजाचे काहीच देणे नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. त्याच वाडीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आदिवासी कुटुंबाचे नाव सातबारावर नव्हते.

आणि आपल्या शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांवर प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखण्याचे बंधन घातले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. आपले घटनादत्त हक्क जपले पाहिजेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तथापि वगळले जाण्याचा अर्थ सक्ती नाही एवढाच होतो. त्या जागा स्वखुशीने देण्यास कोणत्याही निकालाने आडकाठी केलेली नाही. अशा जागांचे शुल्क शासन परत करणार नाही, ते धर्मग्रामातील सुस्थित कुटुंबांनाच दरसाल उभे करावे लागेल, आणि ते मिळवण्यासाठी त्या मुलांच्या आईबापांना कुणाच्या दारी अर्ज घेऊन उभे करता कामा नये.