चमकली म्हणून पेशी थकली?

न्यायशास्त्रातला धूर आणि अग्नी तुम्हाला ठाऊक आहेच. आज तोच धूर रक्तात शोधायचा आहे.

आपल्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा रिसेप्टर असतो. १९९२ मध्ये जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो जगापुढे आणला. २०१८चं नोबेल त्यांना आणि जेम्स ॲलिसन यांना विभागून मिळालं. पेशीला आवरणं हे त्याचं काम. तो शोधायचा तर त्याला नेमका चिकटणारा प्रतिपिंड घ्यायचा, त्याला फ्लुओरोसंट रंग जोडायचा आणि पेशी एकेक करून लेसरसमोरून सोडायच्या. यंत्र उजेड मोजतं. इथवर आमची काही तक्रार नाही.

तक्रार पुढच्या वाक्याशी आहे. 'पीडी-१ दिसला, म्हणजे पेशी थकली.' अहो, हा हेतू सव्यभिचार झाला! नुकती जागी होऊन लढायला निघालेली पेशीही पीडी-१ अंगावर बाळगते. मेलेली पेशी तर नको तो प्रतिपिंडही चिकटवून घेते, आणि एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या खात्यात सांडतो. जाणते लोक मेलेल्या पेशी वगळतात, एकेक रंग गाळून नमुने तपासतात, टिम-३ आणि लॅग-३ही पाहतात, शिवाय पेशी काम करते का हे वेगळं बघतात. 'थकवा' हा शब्द मात्र साक्षीपुरावा व्हायच्या आधीच निकाल देऊन बसतो.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. निवोलुमॅब हे औषध पीडी-१वरच जाऊन बसतं. किती जागा भरल्या, हेही अशाच उजेडाने मोजलं गेलं. डोस पुष्कळ वाढवला तरी भरलेल्या जागा त्या मानाने वाढेनात. मग एवढं महाग औषध एवढं कशाला, असा प्रश्न येतोच. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, इथे तीन आठवड्यांनी २०. म्हंजे आठवड्याचा हिशेब केला तर अठरावा हिस्सा. तोंडाने घ्यायच्या औषधांना ही जोड दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४वर गेलं.

यावरून 'कमी डोस पूर्ण डोसाइतकाच' असं कुणी म्हटलं, तर पुन्हा तीच घाई. तुलना निवोलुमॅब न दिलेल्या रुग्णांशी होती, पूर्ण डोस घेतलेल्यांशी नव्हे.